जखम मिटवणारं लाकूड

ढाल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं भक्कम, जड लाकूड येतं. युरोपातली प्राचीन ढाल पुन्हा घडवायला निघालेला हौशी माणूसही आधी ओककडं वळतो. आपल्याकडं सागाला जो मान, तो तिकडं ओकला. पण ओकची ढाल हाताला जड होते आणि घाव बसला की रेषेरेषेत चिरते.

पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनं ढालीसाठी वेगळीच झाडं सांगितली आहेत: अंजीर, विलो, लिंडेन, बर्च, पॉप्लर. त्याचं म्हणणं असं, की पाणथळ जागची ही लवचिक लाकडं घाव बसताच आकसतात, स्वतःची जखम मिटवतात आणि लोखंडाला सहज पार होऊ देत नाहीत. विलो तर आपल्या ओळखीचा. क्रिकेटची बॅट त्याचीच. चेंडूचा मार ती दबून सोसते.

मी शब्दांत रमणारा माणूस. जुन्या इंग्रजीत ‘लिंड’ म्हणजे लिंडेनचं झाड, आणि ‘लिंड’ म्हणजेच ढाल! ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यातही ढाली लिंडेनच्याच आहेत. आग ओकणाऱ्या नागापुढं ती टिकणार नाही, म्हणून म्हातारा नायक लोखंडी ढाल करून घेतो. कवीला लाकडाची मर्यादा माहीत होती.

मग लिंडेनच घ्यावं? थांबा. डेन्मार्कमध्ये ट्रेलेबोर्गला २००८ साली दहाव्या शतकातली एक ढाल सापडली. ती निघाली पाइनची! सीरियात युफ्रेटिसकाठच्या ड्युरा-युरोपोस इथं मिळालेली तिसऱ्या शतकातली रोमन ढाल तर चिनारच्या जातीच्या लाकडाची. पातळ पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवून ती घडवलेली. एका थराची रेष चिरू लागली, तर दुसरा थर तिला अडवतो. म्हणजे बळ नुसत्या लाकडात नव्हतं, जोडणीतही होतं.

म्हणून ढाल घडवणाऱ्यानं आधी विचारावं, की ही ढाल कुठली, कोणत्या काळातली, आणि तिथल्या मातीतून काय निघालं आहे? कवीची साक्ष जरूर घ्यावी, पण मातीतून निघालेल्या फळीला विचारल्याशिवाय करवत उचलू नये. कवी असून मी हे सांगतो आहे. लाकूड चुकलं, तर ढाल दिसेल हुबेहूब, पण जिच्या आडोशानं कुणीतरी जीव वाचवला, ती ढाल ही नव्हे.