स्वस्तातल्या पुस्तकाचे मोल



सौंसर तहसिलीतील बोरगाव हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे गाव. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३पासून तो पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, असा येथील व्यवहार. मराठी पुस्तक हवे, तर वाचकाने नागपूर गाठावे. सीताबर्डीवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात रहस्यकथांचा एखादा संग्रह निम्म्याहून कमी किमतीस गवसला, म्हणजे त्याला बसभाड्याचेही काही वाटत नाही.

परंतु हा सौदा इतर पुस्तकांसारखा नव्हे. प्रवासवर्णनाचे शेवटचे पान गेले, तरी प्रवास घडतो. रहस्यकथेचे गेले, तर खुनी कायमचा सुटतो. पान शाबूत आहे की नाही हे पाहावे, तर गुपित फुटण्याची भीती! म्हणून जाणते गिऱ्हाईक मजकूर वाचीत नाही, पृष्ठांक तपासते. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेले असते. शिवण सुटली, की अख्खा फर्मा गळतो. अशा वेळी संग्रहातील एखाददुसरी कथा बुडते; कादंबरी मात्र सबंध बुडते.

लघुकथा हे तर या वाङ्मयाचे मूळ रूपच. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली गुप्तहेराची जी पायवाट पाडली, ती कथेतूनच. शेरलॉक होम्सची कीर्तीही १८९१पासून मासिकातील कथांनीच पसरली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. १९९६ साली ते निवर्तले, पण झुंजार आणि काळा पहाड ही नावे जुन्या वाचकांच्या ओठांवर राहिली. ती पुस्तके स्वस्त होती म्हणून घरोघर पोचली. आणि हलक्या कागदावरची होती म्हणूनच हातोहाती झिजून दुर्मिळ झाली.

बोरगावातील ज्या मुलाचे शिक्षण हिंदीतून होते, त्याला मराठी वाचनाची गोडी उपदेशाने लागत नाही. ‘पुढे काय झाले?’ या उत्कंठेने लागते. तेव्हा शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेने देणगीत आलेले असले फाटके संग्रह रद्दीत घालू नयेत. एका प्रतीतील गळलेला फर्मा कधी दुसरीत सापडतो. दोन फाटक्या प्रती शिवून एक पूर्ण प्रत होते. ती दाखल करून कपाटात लावावी आणि मुलांच्या हाती जाऊ द्यावी.

संस्थेच्या पुढील शतकास शुभेच्छा.