तिकीट हातात, माणूस दारात
(गोंदियात सिनेमा दाखवल्यावर पोरांपुढे केलेलं भाषण)



मी सिनेमाचा समीक्षक नाही. मॅट्रिक झालो, गोंदिया सोडलं, मुंबईच्या गोदीत माल उचलायला लागलो. रात्री कविता लिहितो. तेव्हा आत्ता पडद्यावर पाहिलेल्या 'तिकिट्स' या २००५ सालच्या सिनेमातलं मला जे टोचलं, तेवढंच सांगतो.

दिग्दर्शक तीन. इटलीचा एर्मानो ओल्मी, इराणचा अब्बास कियारोस्तामी, इंग्लंडचा केन लोच. गाडी एकच, रोमला निघालेली. पहिल्या गोष्टीतला म्हातारा प्रोफेसर भारी डब्यात बसून एका बाईच्या आठवणीत रमलाय. काचेपलीकडे, दाराजवळ, अल्बेनियातलं एक निर्वासित कुटुंब ताटकळतंय. एका फौजी माणसाच्या धक्क्यानं बाळाचं दूध सांडतं. अख्खा डबा बघतो. कोणी हलत नाही. शेवटी प्रोफेसर गरम दूध मागवतो आणि पेला घेऊन उठतो.

दुसरीत एका जनरलची विधवा. तिकीट दुसऱ्या वर्गाचं, ठाण पहिल्या वर्गात! वर सगळ्यांवर हुकूम. हिला मात्र कोणी दाराशी उभं करत नाही. हे लक्षात ठेवा.

तिसरीत स्कॉटलंडची तीन पोरं. सुपरमार्केटात राबणारी, फुटबॉलची मॅच बघायला निघालेली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच. अल्बेनियन पोराला स्वतःचं सँडविच देतात, आणि तोच एकाचं तिकीट लांबवतो. कारण त्याच्या घरच्यांना एक तिकीट कमी पडतंय. पोरं भडकतात, आपसात भांडतात. एकाला तर सगळं थोतांडच वाटतं. तरी शेवटी तिकीट त्या कुटुंबाकडेच राहू देतात. रोमला फलाटावर पोलीस मागे लागतात तेही पत्करतात.

प्रोफेसरनं दूध दिलं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण दूध देऊन तो आपल्या जागेवर परत बसू शकतो. पोरांनी दिलं ते स्वतःचं तिकीट. त्यांना परत बसायला जागाच उरली नाही. फरक आहे तो इथं.

आता आपल्या रुळांवर या. आपल्या गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनावरून जाते. १९०१ साली त्या स्टेशनावर साताऱ्याहून आलेली काही पोरं उतरली. भीमराव, त्यांचा भाऊ, भाचे. वडिलांना भेटायला निघालेली, अंगावर नवे कपडे. न्यायला कोणी आलं नाही, कारण वडिलांना चिठ्ठी पोचलीच नव्हती. स्टेशनमास्तरनं तिकिटं मागितली. पोरांनी दिली. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण? भीमराव बोलून गेले, महार! मास्तरचा चेहराच बदलला. मग गाडीवाले तयार होईनात. एक तयार झाला तो दुप्पट भाड्यानं. तेही पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं! बरोबर जेवण होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलं. ते पुस्तकरूपात आलं १९९० साली.

बघा, सिनेमातल्या माणसांना तिकीट कमी पडलं. मसूरला तिकीट होतं! तिकीट असूनही माणूस स्टेशनातच अडकला. आपल्या देशात तिकीट तपासून झाल्यावर खरी तपासणी सुरू होते.

आता माझं सांगतो. लपवून काय करू? गेल्या दिवाळीला विदर्भ एक्सप्रेसनं घरी येत होतो. जनरल डबा, पण जागा मिळालेली. समोरच्या गृहस्थानं डबा उघडला, पोळी-भाजी पुढं केली आणि विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी आमच्या मुकादमाचं आडनाव सांगून टाकलं. पोळी खाल्ली. संडासाच्या दाराशी एक बाई, कडेवर लेकरू, पायाशी दोन पोरं. गृहस्थ म्हणाला, "या लोकांना तिकीट काढायची सवयच नाही." मी मान डोलावली. साला, मी मान डोलावली! पुढं टीसी आला. बाईनं पदराची गाठ सोडली आणि तिकिटं काढून दाखवली. सगळ्यांची होती. गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागला. मीही बघू लागलो. जागेवरून उठलो नाही.

दहाएक वर्षांच्या पोरानं मसूरला जे सांगितलं, ते मला ऐन पंचविशीत सांगता आलं नाही. वर मी विद्रोहाच्या कविता लिहितो! आज पडद्यावर दूध सांडलं तेव्हा मला ती बाई दिसली, आणि बघत बसलेल्या त्या डब्यात मी दिसलो.

परवा त्याच गाडीनं गोदीवर परत जातोय. दाराशी कोणी लेकरू घेऊन उभं असेल तर जागा देईन आणि मी दाराशी उभा राहीन. कोणी आडनाव विचारलं तर माझं स्वतःचं सांगेन. ऐकून त्यानं डबा मिटला तर मिटू दे. उपाशी जाईन.

तुम्हीही त्याच गाडीनं जाता-येता. तुम्ही काय सांगता, तेवढं मला कळवा.

जयभीम!