इमारतीच्या जमाखर्चाचे पहिले पान

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वीज कशी वाचवावी हे आपणां गृहिणींना कोणी शिकवावयास नको. आज मी बोलणार आहे ती विजेचे पहिले बिल येण्यापूर्वीच खर्ची पडलेल्या ऊर्जेविषयी.

आपल्याकडे २००९ पासून ऊर्जा दक्षता ब्यूरो कार्यालयांच्या इमारतींना तारे देतो. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती वीज लागते, यावर ते ठरतात. पद्धत चांगलीच आहे. परंतु इमारत उभारताना जे जळले ते त्या हिशेबात येत नाही. पापडाचा खर्च सांगताना तळणीचे तेल तेवढे धरावे आणि उडीद, पापडखार सोडून द्यावा, तशातला हा प्रकार!

साधी वीट घ्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेड्डी व जगदीश यांनी २००३ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका भाजलेल्या विटेमागे सुमारे सव्वाचार मेगाज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या मापाने एका युनिटाहून थोडी अधिक. १०,००० विटांची ११,००० वर युनिटे झाली! महिना १०० युनिटे वापरणाऱ्या घराला ती नऊ वर्षे पुरतील. सिमेंटसाठी तर चुनखडी भट्टीत सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवितात. इंधनाच्या धुराखेरीज खुद्द त्या दगडातूनही कार्बन वायू सुटतो.

आपली इमारत पाडावी की दुरुस्त करावी, हा प्रश्न आज आपल्या दारी उभा आहे. नवी इमारत विजेची काटकसर करील, असे सांगतात. करीलही. पण जुन्या भिंती पाडल्या की राडारोडा उरतो, आणि नव्या भिंतींसाठी भट्टी पुन्हा पेटते. दरसालची बचत हा खर्च किती वर्षांनी फेडील, हे कोणी मांडून दाखविले आहे काय? इमारत खरोखरच मोडकळीस आली असेल, तर जिवापुढे हिशेब कसला? पण ते तपासणीने ठरावे, हौसेने नव्हे.

असा हिशेब अशक्य नाही. डेन्मार्कने २०२३ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना बांधकाम आणि वापर मिळून होणाऱ्या कार्बनवर मर्यादा घातली.

तेव्हा भगिनींनो, सोसायटीच्या सभेत गप्प बसू नका. तारे किती, हे विचाराच. पण त्याआधी विटा किती आणि सिमेंट किती, हेही विचारा. घरखर्चाची वही आपण पहिल्या पानापासून लिहितो. घराचीही तशीच लिहू या.