आजोबांचा अडकित्ता
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



इतक्या वर्षांनी भेटल्यावर सकाळपासून सगळे एकच विचारताहेत, "सध्या काय करतेस?" पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. पण रविवारी मी जुने अडकित्ते शोधत फिरते. आजवर ४१ जमलेत. हसा, घरचेही हसतात.

याला थोडे जबाबदार आपले विज्ञानाचे सर आहेत. तरफ शिकवताना त्यांनी विचारलं होतं, "टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला, भार मध्ये. घरातली अशी वस्तू कुठली?" दुसऱ्या दिवशी मी आजोबांचा अडकित्ता दप्तरातून आणला. पितळेचा पोपट होता तो. दाबला की मान खाली घालायचा. वर्गभर फिरला, आठवतंय ना?

पुढे पुण्यात शिकायला गेले तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे संग्रहाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. दिवे, वजऱ्या, फण्या, आणि नाना आकारांचे अडकित्ते! सुपारी कातरायला एवढ्या नक्षीची गरज नव्हती. तरी कुणा कारागिराने ती केली होती.

मी लगेच एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. "आई, आपला पोपट जपून ठेव हं."

"तो मोडीत घातला मी."

"वजनावर विकलास?" मी चिडले.

आई म्हणाली, "दोन वर्षं तुझ्या आजोबांचं तोंड मी पुसलंय. मला तो डोळ्यांसमोर नको होता."

आजोबा तोंडाच्या कॅन्सरने गेले हे मला ठाऊक होतं. पण पोपट आणि ते आजारपण मी कधी एकत्र पाहिलंच नव्हतं. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं, की तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कॅन्सरला कारण ठरते. आईने ते घरातच पाहिलं होतं.

म्हणून आता प्रत्येक अडकित्त्याची मी नोंद ठेवते. कुणाचा, कुठल्या गावचा, कुणी वापरला आणि घरातून का गेला. ४१ पैकी फक्त सहांची माहिती मिळाली. बाकीचे भंगारातून आले. ते नुसतं पितळ आणि पोलाद.

मागच्या गणपतीत आईला संग्रह दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एक पोपट हातात घेऊन म्हणाली, "आपला याहून जड होता."

तेव्हा एक विनंती. मे महिन्यात घर आवराल, माळ्यावरचं पितळ खाली काढाल, तेव्हा मोडीत घालण्याआधी एक फोटो काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वस्तूबद्दल विचारा. ठेवायची की द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण विचारा, सांगणारी माणसं आहेत तोवर.