विहाराचा हिशेब फळ्यावर, घरचा हिशेब ट्रंकेत

(विहाराच्या वर्धापनदिनी वाघोली येथे केलेले भाषण)



आत्ताच खजिनदारांनी विहाराचा वर्षाचा जमाखर्च वाचून दाखविला. मंडपाचे किती, खिरीच्या दुधाचे किती, लाईटबिल किती, सगळे फळ्यावर लिहिले आहे. मागे एकदा ६० रुपयांचा फरक पडला तर आपण खजिनदारांना भर सभेत उभे केले होते. चांगलेच केले. पण बंधूंनो, आपल्या घरचा हिशेब कोणत्या फळ्यावर आहे? आज आपल्या डोक्यावर एकूण किती देणे आहे, हे छातीठोकपणे सांगणारे इथे किती जण आहेत?

आम्हालाही सांगता येत नव्हते. म्हणून आज दुसऱ्या कोणाची नाही, आमचीच गोष्ट सांगतो.

आमचे वडील मुंबईत गिरणीकामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. संप लांबला तशी आईची पितळेची भांडी गेली आणि व्याजवाला दारात येऊन बसू लागला. तो आला की वडील मोरीत जाऊन लपायचे. मालकाला न घाबरणारा माणूस कर्जाला घाबरून लपतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि पुढे स्वतःही तेच केले.

२०१२ साली आई आजारी पडली. आम्ही तोवर नगर रस्त्यावरच्या एका गिरणीत कायम झालो होतो. दवाखान्यासाठी एका ओळखीच्याकडून ५०,००० रुपये उचलले, शेकड्याला महिना ५ रुपयांनी. ऐकायला बारीक वाटतं, पण वर्षाला ते ६० टक्के होतात! महिन्याला अडीच हजार व्याज. अडीच वर्षांत ७५,००० भरले आणि मुद्दल जागच्या जागी. आई काही वाचली नाही.

मध्येच घरावर पत्रे टाकायला फायनान्सचे १ लाख घेतले. 'फक्त १२ टक्के' म्हणाले. तीन वर्षांचे व्याज ३६,००० धरून महिना ३,७७८ रुपयांचा हप्ता बांधला. आता बघा, मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या लाखावर! घटत्या शिल्लकेवर मोजले तर हाच दर २१ टक्क्यांच्या आसपास निघतो. सही करताना आम्ही विचारलेच नाही. विचारलं तर आपण अडाणी दिसू, ही लाज.

हप्ते थकले तशी पत्रे यायला लागली. आम्ही ती न फोडता ट्रंकेत कपड्यांखाली सारायचो. बाहेर सभेत 'शिका' म्हणून भाषण ठोकायचे आणि घरी पोस्टमन दिसला की पोटात गोळा!

२०१५ सालच्या एका रविवारी मुलीच्या आईने ती ट्रंक उघडली. रडारड नाही, भांडण नाही. म्हणाली, "अहो, कागद आहेत हे. कागद काय चावतो का? वाचा मोठ्याने." मुलीची दोनशे पानी वही घेतली, मधोमध रेघ ओढली. सावकार ५०,०००, फायनान्स ६४,०००, मेहुणे २०,०००, किराणा ८,०००. एकूण १ लाख ४२ हजार. आमच्या डोक्यात चार लाखांचे भूत बसले होते! न मोजलेले कर्ज खऱ्या कर्जापेक्षा मोठे असते, हे त्या दिवशी कळाले.

त्याच दिवशी दुसरे कळाले ते अधिक भयंकर. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर वारस म्हणून अजून आमच्या वारलेल्या आईचे नाव! उद्या गिरणीत आमचे बरेवाईट झाले असते तर आमच्याच पैशासाठी बायको-पोरांना ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागले असते.

मग मार्ग काढला. कामगारांच्या पतसंस्थेतून घटत्या शिल्लकेवर १२ टक्क्यांनी कर्ज घेतले आणि ६० टक्क्यांचे आधी मोडले. सावकाराकडे एकटे गेलो नाही, विहारातले दोन उपासक साक्षीला नेले. तो कोरा चेक परत देईना. आमच्यातला एक शांतपणे म्हणाला, "परवाना दाखवा." २०१४ च्या कायद्याने महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे होते. चेक मिळाला, पावती मिळाली. २०१८ च्या अखेरीस वहीतली शेवटची रक्कम खोडली.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखायला. तुम्ही म्हणाल, आमच्या पगारात चौथा भाग कुठला निघतोय? नसेल निघत. आम्ही रोज २० रुपयांनी सुरुवात केली. वर्षाला ७,३०० झाले. पुढच्या आजारपणात सावकाराची पायरी चढावी लागली नाही.

आणि आपले बाबासाहेब? १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली. अख्ख्या देशाच्या रुपयाचा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांच्या लेकरांनी बँकेची स्लिप भरायला दुसऱ्याचे पोर शोधावे का?

आज वाघोली बदलली. खाणीतला दगड फोडून माणसे जगली ते हे गाव २०२१ साली महापालिकेत गेले. जमिनीला भाव आले, टॉवर उभे राहिले. काहींच्या हातात प्लॉटचे पैसे आले आणि गाडी, लग्न, मांडव यांत निघूनही गेले. आमची तरुण पोरं तर मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज घेतात. हप्ता चुकला की वसुलीवाले नातेवाइकांना फोन लावतात. सावकार दारातून खिशात आला, एवढाच फरक!

म्हणून हात जोडून विनंती आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांनी बसा. बायकोपासून, कमावत्या मुलापासून काही लपवू नका. सगळे देणे एका पानावर लिहा, समोर व्याजाचा वर्षाचा दर लिहा. ज्याचा दर सर्वांत जास्त, ते आधी फेडा. फंड, बँक, विमा, प्रत्येक ठिकाणी वारसाचे नाव तपासा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. पन्नाशीच्या आतल्यांना ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा घेता येतो. गवंडीकाम करणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या आपल्या बांधवांनी तो काढलाच पाहिजे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. आणि सही करण्याआधी विचारा, "व्याज पुऱ्या रकमेवर की घटत्या शिल्लकेवर?" विचारणारा अडाणी नसतो.

ज्यांना एकट्याने कागद उघडायची भीती वाटते, त्यांनी दर रविवारी वंदनेनंतर थांबावे. आम्ही आणि मुलीची आई वही घेऊन इथेच बसलेले असू. तुमचा आकडा या भिंतीबाहेर जाणार नाही. ती दोनशे पानी वही आम्ही अजून जपून ठेवली आहे. खोडलेल्या रकमा दाखवायला घेऊन येऊ.