हेलिकॉप्टरवाहू नौकेची दोन कर्तव्ये



युद्धनौका म्हटली की तोफा आणि रणसंग्राम आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी ज्या नौकेविषयी बोलणार आहे, ती युद्धावर गेली, तशीच वादळाने आणि पुराने गांजलेल्या लोकांच्या साहाय्यालाही गेली. ब्रिटिश नौदलात तिचे नाव ‘ओशन’ होते. आज ती ब्राझीलच्या नौदलात ‘अटलांटिको’ या नावाने सेवा बजावीत आहे.

सुमारे 203 मीटर लांबीची ही नौका सप्टेंबर 1998 मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. तिच्या सपाट डेकवरून हेलिकॉप्टरे उडतात. पोटात सुमारे 800 सैनिक, त्यांची वाहने आणि त्यांना किनाऱ्यावर उतरविणाऱ्या होड्या मावतात. बंदराचा वा धावपट्टीचा आधार नसतानाही सैन्य उतरविणे, हे तिचे मूळ कार्य. त्यासाठी ती 2000 साली सिएरा लिओनला आणि 2003 साली इराकमधील अल्-फाव किनाऱ्यावरील मोहिमेत गेली. 2011 साली तिच्यावरून ब्रिटिश सैन्याच्या अपाची हेलिकॉप्टरांनी लिबियात हल्ले केले. त्या वेळी ती सात महिन्यांहून अधिक काळ स्वदेशापासून दूर होती.

परंतु जी नौका बंदरावाचून सैनिक उतरविते, ती बंदरावाचून अन्न, औषधे आणि पाणीही उतरवू शकते. 1998 च्या अखेरीस, नवी कोरी असतानाच, ‘मिच’ चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या होंडुरास व निकाराग्वा या देशांकडे तिला पाचारण करण्यात आले.

दोन नव्या विमानवाहू नौकांसाठी नाविकांची गरज भासू लागल्यावर ब्रिटनने मार्च 2018 मध्ये तिला निवृत्त केले. ब्राझीलने ती 8 कोटी 40 लाख पौंडांना घेतली. मे 2024 मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात महापूर आला आणि पोर्तो अलेग्रेचा विमानतळच पाण्याखाली गेला. अशा वेळी हीच नौका जलशुद्धीकरण यंत्रे व मदतसामग्री घेऊन तेथे पोहोचली.

तथापि, एका गोष्टीकडे आपण डोळेझाक करता कामा नये. 6 सप्टेंबर 2017 रोजी ‘इर्मा’ वादळ कॅरिबियन बेटांवर आदळले, तेव्हा ‘ओशन’ भूमध्य समुद्रात होती. जिब्राल्टरला सामग्री भरून, अटलांटिक ओलांडून ती पोहोचली ती महिन्याच्या उत्तरार्धात. तत्पूर्वी मदतीला धावली ती त्याच समुद्रात असलेली, तिच्याहून लहान ‘माउंट्स बे’ ही नौका.

मित्रहो, पहिल्या दिवसांत नौकेच्या आकारापेक्षा तिचे सान्निध्य मोलाचे ठरते. नौका येईपर्यंतचे दिवस किनाऱ्यावरील लोकांनाच निभावून न्यावे लागतात. म्हणून नौदल कितीही समर्थ असले, तरी उंचावरील निवारे, साठविलेले पिण्याचे पाणी आणि वेळेवर मिळणारी सूचना यांची सिद्धता किनाऱ्यावरच व्हावयास हवी. नौका येईल, ती येईपर्यंत गाव तगले पाहिजे.