मोठी साखळी, छोटं हॉटेल आणि मोठे बाबांचं घर

आजचा एपिसोड हॉटेलांवर आहे. पण सुरुवात आमच्या घरापासून करतो.

माझ्या मोठे बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं घर नवेगाव बांधच्या बाजूला एका गावात आहे. गोंदिया जिल्हा. कौलारू घर, मागे बोडी, समोर धानाचं शेत. दिवाळीत गेलो तर त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. "तू कंप्युटरवाला हायस ना? हे वाचून सांग."

एका हॉटेल कंपनीचा माणूस येऊन गेला होता. चार खोल्या द्या, बुकिंग आम्ही आणतो, पाटी आमची लागेल. मोठे बाबांचा प्रश्न एकच होता, "पाटी त्यांची लागली तर घर कोणाचं?"

मी 'कागद नीट वाचून सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. पुण्याला परत आलो आणि शोधत बसलो, की मोठ्या कंपनीच्या आत राहून छोटं हॉटेल आपलं वेगळेपण टिकवू शकतं का? तर मंडळी, यावर जगभर प्रयोग झालेत.

'बुटीक हॉटेल' हा शब्द गाजला न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलमुळे. साल १९८४. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी ते सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं, की मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, आमचं मात्र छोटं, निवडक दुकान. लोकांना ते पटलं. कारण तोवर मोठ्या हॉटेलांचा अभिमानच हा होता की कुठल्याही शहरात उतरा, खोली तीच मिळेल.

मी ऑफिसच्या कामासाठी अशा खोल्यांत खूप राहिलोय. सकाळी डोळे उघडले की दोन सेकंद कळतच नाही, हैदराबाद आहे की गुरगाव. झोप छान लागते, खोटं नाही बोलणार. पण परत आल्यावर आईने "कसं होतं?" विचारलं की सांगायला काही नसतं.

मग मोठ्या साखळ्यांच्या लक्षात आलं, की प्रवाशांना आवडतंय ते छोटंच. काहींनी छोट्या कंपन्या विकत घेतल्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९८१ साली सुरू झालेली किम्प्टन ही कंपनी २०१५ मध्ये आयएचजी या बड्या साखळीकडे गेली. किम्प्टनच्या जुन्या ग्राहकांना धाकधूक होती, की आता आपलं हॉटेल पण बाकीच्यांसारखं होणार. किम्प्टनची स्वतःची ग्राहक-योजना होती, ती २०१८ मध्ये मोठ्या योजनेत मिसळली. नाव मात्र राहिलं.

दुसरा रस्ता म्हणजे नाव तुमचंच ठेवायचं आणि मागची यंत्रणा आमची वापरायची. मॅरियटचं ऑटोग्राफ कलेक्शन २०१० च्या सुमाराचं. आपल्याकडे ताजवाल्या कंपनीने २०१९ मध्ये 'सिलेक्शन्स' नावाने असंच केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एकच, फ्रंटएंड प्रत्येकाचा वेगळा. बुकिंग, पेमेंट, ट्रेनिंग, चादरींची धुलाई, हे सगळं बॅकएंड. पाहुण्याला ते दिसत नाही, पण बिघडलं की लगेच कळतं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण देतो. ताज म्हटलं की मुंबईचं, १९०३ साली उघडलेलं, पाचशेहून जास्त खोल्यांचं हॉटेल डोळ्यांसमोर येतं. पण त्याच ताजच्या जंगलातल्या लॉज बघा. कान्हाला बंजार टोला, बंजार नदीच्या काठावर फक्त अठरा तंबू, तेही नऊ-नऊचे दोन गट. पेंचला बाघवन, बारा खोल्या, प्रत्येकीला वर मचाण. आफ्रिकेत सफारी लॉज चालवणाऱ्या अँडबियाँड कंपनीसोबत ताजने हे उभं केलं. भाडं ऐकून माझा ईएमआय आठवला, त्यामुळे मी राहिलेलो नाही! पण गंमत बघा. कान्हाला जाणारे कित्येक पाहुणे गोंदिया जंक्शनला उतरतात आणि बालाघाट-बैहर मार्गे निघून जातात. आपण लहानपणापासून हे बघतोय. गोंदिया म्हणजे उतरायचं स्टेशन, राहायचं गाव नाही.

का नाही? नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आहेत. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, तोही धानाच्या बांध्यांत.

राहण्यासारखं काय असतं, ते मला बोदलकसाला कळलं. तिरोडा तालुक्यातला तलाव, काठावर एमटीडीसीचं निवासस्थान. एमटीडीसी म्हणजे पण साखळीच की, सरकारी, १९७५ पासूनची. मासिकात फोटो येईल असं बुटीक वगैरे नाही ते. पण मागच्या हिवाळ्यात आई-बाबांना घेऊन गेलो. संध्याकाळी तलावावर धुकं उतरत होतं. चहा घेऊन आलेल्या मुलाला बाबांनी गाव विचारलं. दोन मिनिटांत दूरचं नातं निघालं! मग त्याने कुठले पक्षी कुठल्या बाजूला बसतात ते हात दाखवून सांगितलं. बाबा अजून ती संध्याकाळ सांगतात. खोलीचा रंग त्यांना आठवत नाही.

मला वाटतं, प्रवाशांच्या आवडीचं उत्तर इथे आहे. साखळी भरवसा देते, की खोली मिळेल, पाणी येईल, पैसे बुडणार नाहीत. पण लक्षात राहतो तो त्या जागेचा माणूस. साखळीने त्याला बोलायला जागा ठेवली तर हॉटेल लाडकं होतं. त्याच्या हातात पाठ केलेली वाक्यं दिली तर बारा खोल्यांचं हॉटेल पण बाराशे खोल्यांसारखंच वाटतं.

तर शेवटी मी मोठे बाबांना फोन केला. म्हटलं, सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून मागा. एक, पाटीवर घराचं नाव आपलं, त्यांचं खाली बारीक. दोन, स्वयंपाक आणि जंगल दाखवणं गावच्याच लोकांकडे. माझा चुलत भाऊ हॉटेल मॅनेजमेंट शिकून गोव्यात नोकरी करतोय, त्याला परत यायचं असेल तर इथे जागा हवी. तीन, आणि हे मी इंजिनिअर म्हणून सांगतोय, आलेल्या पाहुण्यांची यादी आपल्याकडे पण राहिली पाहिजे. उद्या करार मोडला तर पाहुणे कंपनीचे आणि रिकाम्या खोल्या आपल्या, असं नको.

मोठे बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

म्हटलं, "तर बॅकएंड मी लिहितो. चारच खोल्या आहेत."

ते हसले. "आधी कवेलू बदलावे लागन रे बाप्पा, मग तुझं ते काय ते."

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. कवेलू मात्र मागवलेत. तुमच्या घरी, गावात असा कागद आला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि पुढच्या वेळी गोंदियाला उतरलात तर लगेच पुढची गाडी पकडू नका. एक रात्र थांबा. भेटू!